चुंबक आणि दोरी

घणसोलीत, नाल्याकडच्या सिडकोच्या प्लॉटवर
गणपतीचा मांडव उठला की नवरात्राचा लागायचा,
तो उठला की फटाक्यांचे गाळे,
मग कुणाची हळद, कुणा नगरसेवकाचा वाढदिवस,
आणि प्रत्येक मांडव जाताना
मातीत खिळे ठेवून जायचा.
आम्ही अनवाणी खेळायचो.

म्हणून पहाटे पाचला, आम्ही यायच्या आधी,
कडू सर दोरी ओढत फिरायचे.
दोरीच्या टोकाला जुन्या स्पीकरचं चुंबक.
खुंटापासून खुंटापर्यंत, परत, पुन्हा,
नांगरामागून चालल्यासारखे.
त्यांच्या बापाचं शेत म्हणे इथेच कुठेतरी होतं.
ते बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.
मग वहीत आकडा: अकरा. चार. शून्य.
शून्य लिहिलं तरी
दुसऱ्या दिवशी दोरी होतीच.

आडनाव कडू. बोलणं कडूही नाही, गोडही नाही,
माठातल्या पाण्यासारखं.
उरणच्या मुलींनी आम्हाला एक डाव राखून हरवलं,
त्या दिवशी टेम्पोत सर म्हणाले,
"उद्या साडेपाच."
आम्ही जिल्हा जिंकलो,
सुगंधाच्या आईने अख्ख्या आळीत पेढे वाटले,
सरांनी पेढा खाल्ला, बोटं रुमालाला पुसली,
"उद्या साडेपाच."
त्या रात्री रागाने मला झोप आली नाही.
माणूस आहे की घड्याळ?

सेक्टर नऊमध्ये नवा क्लब निघाला होता.
तिथल्या कोचने ट्रॅकसूट दिला, पाठीवर माझं नाव.
सोमवारी मी त्याची वाघीण,
गुरुवारी माझे पाय म्हशीचे.
सामन्याआधी आम्ही त्याचा चेहरा वाचत बसायचो,
आणि पाठलागात
पळतीचा खांदा वाचायचा राहून जायचा.

एक हंगाम काढला. मग परत आले,
कुंपणाच्या फटीतून. गेटने यायचा धीर नव्हता.
सर चुन्याची रेघ टाकत होते.
मी भाषण पाठ करून आले होते.
त्यांनी मान वर केली नाही.
"बस गो. राखीवात."
तिसऱ्या पाटीवर, माझ्या जागेवर,
आफरीन होती. ती रोज येत होती.
वाईट वाटायला हवं होतं मला.
दोन महिने राखीवात बसून
मी तिचं उठणं बघत राहिले,
आणि पायाखालची माती
कधी नव्हे इतकी घट्ट वाटली.

खो-खोत बसलेलीला मागचं दिसत नाही.
खो पाठीवर येतो.
डोळे समोर, रेघेवर,
आणि पाठीने वाट बघायची.
हे शिकवता येत नाही कुणाला.
पाठीला सवय व्हावी लागते
की मागून जो हात येईल
तो यायच्या वेळेलाच येईल.

दिवाळीनंतर सरांना कावीळ झाली.
कुणी कुणाला फोन केला नाही.
साडेपाचला सगळ्या मैदानात.
दोरी खुंटाला गुंडाळलेली, मैदान तसंच.
आफरीनने गाठ सोडली. मी चुना घेतला.
रेघ वाकडी आली.
दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाचला यायला लागलो.
रेघ जरा कमी वाकडी.

दहाव्या दिवशी सर आले,
डोळे अजून पिवळे, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा.
रेघेकडे बघितलं. बोलले नाहीत.
वही मागितली.
"खिलं किती?"
"नऊ दिवसांचे तेवीस."
आकड्यावरून दोनदा बोट फिरवलं.
"एखादा रायला असंल,"
म्हणाले,
आणि दोरी घेऊन
पलीकडच्या खुंटाकडे चालू लागले.